मदतनीस: आई

३ मार्च

बाळा ठोंब्या,

आशीर्वाद. कागद बघून हसू नकोस. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठ आहे. एक बाजू कोरी असताना नवा कागद घेणं माझ्या हाताला जमत नाही. फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. फोनवर तू "हो आत्या, बघतो आत्या" म्हणतोस, आणि पलीकडून कुणी हाक मारली की ठेवून देतोस. कागद तसा ठेवता येत नाही. तो टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहतो.

काम असं आहे. सरकारी ग्रंथालयात बोलक्या पुस्तकांचा विभाग निघतो आहे. पुस्तकं मोठ्यानं वाचून त्यांचं ध्वनिमुद्रण करायचं, आणि ते ऐकून चुका काढायला माणूस हवा. जागा दृष्टिहीनांसाठी राखीव. तुझ्या ताईनं रेडिओवर जाहिरात ऐकली आणि स्वयंपाकघरात माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, हे माझंच काम आहे." असा तिचा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. डोळे गेले तेव्हा ती कॉलेजात होती. तेव्हापासून लोकांनी तिला मेणबत्त्या करायला सांगितल्या, खुर्च्या विणायला सांगितल्या. कुणी म्हणालं, आता नुसतं बसून देवाचं नाव घे. देवाचं नाव घ्यायला माझी ना नाही, पण ते कामावरून घरी आल्यावरही घेता येतं.

येत्या जुलैत तिला पंचेचाळीस पूर्ण होतील. त्यानंतर सरकारी अर्जाला वयाची अट आडवी येते. म्हणजे ही शेवटचीच संधी. हे गेले, माझे गुडघे गेले, आणि मी काही जन्माला पुरणारी नाही. तिला ना भाऊ ना बहीण. माझ्यामागे तिनं कुणाच्या दारात बसायचं? संध्याकाळी देवापुढे बसते ती हल्ली याच एका मागणीसाठी. बाकीच्या मागण्या मी काढून टाकल्या आहेत, उगाच गर्दी नको.

अर्ज फक्त वेबसाइटवर. मी अर्जाच्या खिडकीवर जाऊन आले. तिथल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "आजी, कागद बंद झाले." ताईचा बोलका संगणक तुला माहीत आहे. पडद्यावर जे असेल ते मशीनमधली बाई वाचून दाखवते. बँक म्हणू नकोस, विजेचं बिल म्हणू नकोस, सगळं ती त्यावर करते. पण तुमच्या वेबसाइटवर आली की त्या बाईची बोबडी वळते. आणि सगळ्यात शेवटी एक चित्र येतं. त्यात वेडीवाकडी अक्षरं असतात, ती ओळखून लिहायची, मगच अर्ज पुढे जातो. बाई "चित्र" एवढंच म्हणते आणि गप्प.

तू त्याच वेबसाइटच्या कक्षात बसतोस. लहानपणी तुला ठोंब्या म्हणत असू, पण घड्याळ उघडून पुन्हा जोडणारा तूच होतास. तेवढं एक चित्र बोलतं कर.

आत्या

१२ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. कागद खरंच टेबलावर पडून बघत होता. शेवटी पालथा घातला, तर मागून गेल्या वर्षीचा डिसेंबर बघायला लागला.

मीही हातानंच लिहितोय. ऑफिसच्या मेलवर असलं काही लिहिलं की ते फिरत फिरत साहेबांपर्यंत जातं.

तुझं पत्र आलं त्या आठवड्यात मी मीटिंगमध्ये विषय काढला. साहेब होते, वेबसाइट बनवून देणारा ठेकेदार होता. मी म्हटलं, "साहेब, अंध लोकांना ही वेबसाइट वापरता येत नाही."

ठेकेदार म्हणाला, "असं कसं? अक्षरं मोठी करायचं बटन दिलंय. रंग उलटे करायचंही दिलंय."

"अहो, ज्याला दिसतच नाही त्याला मोठं काय आणि बारीक काय?"

"दिसत नाही तर तो वेबसाइट बघायला येईल कशाला?"

सगळे हसले. मग साहेबांनी स्वतःचा संगणक पुढे ओढला, डोळे मिटले आणि माउस फिरवून एक टिचकी मारली. "लागलं की! बघा, पान उघडलं. उगाच बाऊ करता तुम्ही." आत्या, मधे त्यांनी एक डोळा किलकिला केला होता. मी बघितलं. सगळ्यांनीच बघितलं असावं. पण तेवढ्यात चहा आला.

ठेकेदाराकडे तपासणीचा एक प्रोग्राम आहे. तो वेबसाइटवरून फिरतो आणि विचारतो, प्रत्येक चित्राला वाचून दाखवता येईल असं नाव दिलंय का? ठेकेदारानं प्रत्येक चित्राला नाव दिलंय. नाव काय, तर "चित्र". बटनाचं नाव "बटन". प्रोग्रामनं शंभरपैकी शंभर दिले आणि तो निकाल फ्रेम करून जिन्यात लावलाय.

पण तू काळजी करू नकोस. अर्जाची मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत आहे. मी मागे लागतो. ताईला सांग, तिला नेमकं काय ऐकू येतं ते लिहून पाठव, म्हणजे मला दाखवायला काहीतरी हातात येईल.

तुझा,
ठोंब्या

२० मार्च

ठोंब्या,

हे मी टाइप केलं आणि आईनं दुकानातून छापून आणलं. वाचलं नाही म्हणते. आई खोटं बोलत नाही, आमच्या घरातली ती एक मोठी अडचणच आहे, म्हणून विश्वास ठेवते आणि मोकळेपणानं लिहिते.

तुमची वेबसाइट मला अशी ऐकू येते: मुख्य पान. चित्र. चित्र. दुवा. बटन. बटन. चित्र. बटन. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. बटन.

तू कल्पना कर, एका लांबलचक बोळात उभा आहेस, दोन्ही बाजूंना दारं आहेत आणि प्रत्येक दारावर पाटी आहे "दार". एक दार उघडलंस तर आत साहेब. दुसरं उघडलंस तर आत झाडू. तिसरं उघडलंस तर तू थेट रस्त्यावर, आणि पुन्हा पहिल्यापासून बोळात शिरायचं. मी तीन संध्याकाळी चाचपत बसले. कुठलं बटन पुढे नेतं आणि कुठलं भरलेलं सगळं पुसून टाकतं ते आता पाठ झालंय. पण बाई एकेक ओळ वाचेपर्यंत वेळ जातो, आणि निम्म्यात आल्यावर ती म्हणते, "आपली वेळ संपली आहे." इतक्या गोड आवाजात म्हणते की राग तरी कुणावर काढायचा?

एवढ्यावरूनही मी पार होईन. बटनांना नावं द्या. वेळ थोडा वाढवा. आणि त्या चित्रातली अक्षरं ऐकवण्याची सोय करा. बँकेच्या वेबसाइटवर ती आहे. तिथं एक पुरुष अक्षरं वाचतो, सर्दी झाल्यासारखा वाचतो, पण वाचतो.

आणखी एक. आमच्याकडचे सगळे म्हणतात, एवढं कशाला, शेजारच्या मुलीला बसव, ती दहा मिनिटांत भरून देईल. देईलही. पण जागा कसली आहे? एकटीनं मशीनवर बसून ऐकायचं, थांबवायचं, चूक नोंदवायची. तो अर्ज मी शेजारणीच्या हातानं भरला तर मी नोकरी कुणाच्या हातानं करणार? मला मदतनीस नको, ठोंब्या. मला बटनाचं नाव हवंय.

बाकी बरं. आई सध्या देवाशी तुझ्याबद्दल बरंच बोलते. सांभाळून राहा.

ताई

२ एप्रिल

प्रिय आत्या,

नमस्कार. थोडी चांगली बातमी आहे. ताईचं पत्र मी मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. झाडूवर हशा झाला. साहेबांनी बटनांच्या नावांना परवानगी दिली. ठेकेदार म्हणाला, वेगळं काम, वेगळा करार. मग सुट्टीच्या दिवशी बसून अर्जाच्या पानांवरची नावं मीच घातली. आता मशीनमधली बाई "पुढे जा", "जतन करा" असं नीट म्हणेल.

चित्राचं मात्र जमलं नाही. ते सुरक्षेच्या कक्षाकडे येतं, आणि त्या कक्षातल्या माणसाशी बोलायचं तर आधी त्याच्या साहेबांशी बोलावं लागतं. म्हणून मी एक वाट काढली. अर्जाच्या पहिल्या पानावर एक खोकं बसवून घेतलंय: "अर्ज मदतनीसासह भरत आहे." त्यात खूण केली की खाली मदतनीसाचं नाव आणि नातं लिहायचं. मग वेळ तिप्पट मिळतो आणि शेजारी बसलेल्या माणसानं चित्रातली अक्षरं वाचली तरी नियमात बसतं.

ताईला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. तू समजाव. मुदत जवळ आली आहे आणि याच्यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही. खोकं मीच बसवलंय, निर्धास्त वापरा.

तुझा,
ठोंब्या

११ एप्रिल

बाळा,

अर्ज गेला! आधी हे लिहिते, मग बाकीचं.

काल सकाळी देवाचं आटपून आम्ही दोघी मशीनपुढे बसलो. तुझी नावं बाईनं अगदी स्वच्छ वाचली. तुझी ताई ऐकत होती आणि बोटं अशी चालत होती की मला हे आठवले, तिचे वडील, टंकलेखन करताना असेच मान एका बाजूला कलती करून बसायचे. शिक्षण, अनुभव, दाखले, फोटो, सगळं तिनं एकटीनं, वेळेच्या आत केलं. मी नुसती शेजारी. एकदा मधे बोलायला गेले तर म्हणाली, "आई, तू श्वास घे फक्त." तोही हळू घे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

मग ते चित्र आलं. बाई म्हणाली, "चित्र." ताई म्हणाली, "वाच." मी चष्मा पुसला आणि अक्षरं वाचली. एक माशीसारखं होतं, त्याचा अंदाज केला. चाललं.

पण तुझं खोकं आम्ही तोवर भरलंच नव्हतं. तिनं मुद्दाम सोडून दिलं होतं. आता पाठवायच्या आधी मी म्हटलं, "अगं, मागे जा, खूण राहिली."

"राहू दे."

"राहू दे कसं? मी अक्षरं वाचली ना?"

"चार अक्षरं वाचलीस, आई. अर्ज मी भरला. त्या खोक्यात लिहिलंय, मदतनीसासह भरला."

"मग चार अक्षरांची मदत ती मदतच. ठोंब्यानं एवढी खटपट करून बसवलंय."

"कुणाला कळणार आहे?"

मी म्हटलं, "कुणाला म्हणजे? वरच्याला कळतं." बाळा, मॅट्रिक झाल्यापासून मी घरचा हिशेब लिहिते. एखादा दिवस न आवडणारा असतो, म्हणून मी तो वहीतून गाळत नाही. जे घडलं ते मांडायचं. असल्या पवित्र कामाची सुरुवात लपवाछपवीनं झाली तर देवाला तोंड कसं दाखवू? ती माझी वाट बघत हात मांडीवर घेऊन बसली. तेव्हा मीच तो उंदीर हातात धरला, मागचं पान काढलं आणि खूण केली. मदतनीसाच्या नावात माझं पूर्ण नाव घातलं, नात्यात घातलं "आई". मशीनमधली बाई म्हणाली, "खूण केली."

मग ताईनं "पाठवा" दाबलं. मी देवापुढचं फूल उचलून मशीनवर ठेवलं. ती हातानं चाचपून म्हणाली, "आई, याच्यातनं पाणी गळलं तर नोकरीआधी मशीन जाईल." पण हसली. मी ते हसू बघितलं.

तुझे उपकार मी विसरायची नाही.

आत्या

२६ मे

प्रिय आत्या,

नमस्कार. खूप दिवसांत लिहिता आलं नाही. इकडे कामाचा डोंगर आहे. निकालाला अजून वेळ असावा, नक्की कळलं की सांगेनच.

सोबत गुडघ्यांना लावायचं मलम पाठवतोय. ऑफिसातल्या एकाच्या आईला गुण आला. सकाळी आणि झोपताना लावायचं, वर फडकं बांधायचं.

ताई कशी आहे? तिला माझा नमस्कार सांग. मशीन नीट चालतंय ना?

तुझा,
ठोंब्या

१५ जून

बाळा,

मलम पोचलं होतं. तू निकालाबद्दल काही लिहिलं नव्हतंस, तेव्हा मला वाटलं, पोरगं गोड बातमी मुठीत धरून गंमत करतंय. मी मलम लावता लावता हसत होते.

परवा दुपारी निरोप आला. ताईनं मशीनला वाचायला सांगितलं. बाई त्याच गोड आवाजात म्हणाली, "आपला अर्ज अपात्र ठरला आहे. कारण: अर्जदार संगणक मदतनीसाशिवाय हाताळू शकत नाही."

ताईनं पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. मी म्हटलं, "पुरे कर गं." ती म्हणाली, "थांब, चुका काढतेय." अखेर म्हणाली, "एकही नाही. छान ध्वनिमुद्रण आहे." मग मशीन बंद केलं, त्यावर जुनी चादर घडी करून घातली आणि आत जाऊन पडली.

मला काही बोलली नाही. बोलली असती, ओरडली असती, तर मी ऐकून घेतलं असतं. जेवायला हाक मारली तर येते. मीठ कमी आहे का विचारलं तर नाही म्हणते. मशीनवरची चादर काढत नाही. हे गेल्यापासून आम्ही घरात तिघी असायचो, ती, मी आणि मशीनमधली बाई. दिवसभर कुणीतरी बोलत असायचं. आता दोघीच उरलो आहोत, आणि दोघीही गप्प.

अपील करता येतं असं निरोपात होतं. मी तिला कसंबसं उठवून बसवलं. अपिलाचं पान उघडलं, तर शेवटी तेच चित्र, आणि वर तेच तुझं खोकं. ती उठून गेली.

मला एकच विचारायचंय. माझ्या हिशेबाच्या वहीत चुकीची ओळ लिहिली गेली तर मी तिच्यावर आडवी रेघ मारते आणि शेजारी बरोबर लिहिते. एवढं मोठं सरकारी यंत्र, त्यात रेघ मारायची सोय नाही? मी तिथं येते. माझं वय झालंय, मला चार लोकांसमोर रडायची लाज वाटणार नाही. सांगते, बाबांनो, मी फक्त अक्षरं वाचली हो. बाकी सगळं माझ्या लेकीनं केलं.

नऊ जुलैला तिला पंचेचाळीस पुरी होतात. लवकर लिही.

आत्या

२३ जून

प्रिय आत्या,

येऊ नकोस. तुला फाटकातून आत सोडणार नाहीत.

जे झालं ते सांगतो. भरतीचा कक्ष वेगळा आहे. अर्ज फार आले, तेव्हा त्यांनी चाळणी कशी लावायची असा विचार केला. जागेच्या अटीत लिहिलंय, संगणक स्वतंत्रपणे हाताळता यायला हवा. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की अर्जात एक खोकं आहे. ज्यांनी खूण केली ते सगळे एका फटक्यात बाजूला काढले. त्या खोक्याचा असा उपयोग होईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. यादी मला मे महिन्यात दिसली होती. तुला मलम पाठवलं त्याच दिवशी.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "खोकं कुणी मागितलं होतं? तुम्हीच ना?" भरतीवाल्यांकडे गेलो, ताईचं मार्चमधलं पत्र दाखवलं. तिथल्या बाईंनी पूर्ण वाचलं. त्यांचे डोळे भरून आले आत्या, खरंच. मग म्हणाल्या, "हे इतकं छान लिहिलंय, पण मदतीशिवाय लिहिलंय याला पुरावा काय?"

अपील आज केलं तरी सुनावणी वाढदिवसानंतरच. तेव्हा वयाची अट पुन्हा आडवी येईल.

आणखी एक लपवून ठेवण्यात अर्थ नाही. निवड झाली त्यातल्या एकाचा पूर्ण अर्ज त्याच्या भावानं भरला होता. तो मला स्वतःच हसत हसत म्हणाला. माणूस वाईट नाही. त्यानं फक्त खोकं सोडून दिलं.

काय लिहू?

ठोंब्या

१९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, समजू शकतो. तरी लिहितोय.

वरून तपासणी येणार असं कळलं आणि इथं सगळ्यांची धावपळ उडाली. वर्षभर जे होत नव्हतं ते तीन आठवड्यांत झालं. चित्रातली अक्षरं आता ऐकू येतात. वेळेची अट गेली. ठेकेदार स्वतः हेडफोन लावून वेबसाइट ऐकत बसतो. मदतनीसाचं खोकं काढून टाकलं.

नव्या वेबसाइटचं उद्घाटन पुढच्या महिन्यात आहे. पहिली कळ एखाद्या अंध व्यक्तीनं दाबावी असं साहेबांना सुचलंय. मी ताईचं नाव सुचवलं. चिडू नकोस, आधी ऐक. त्या दिवशी सगळ्यांत वरचे साहेब येणार आहेत. वयाची अट शिथिल करणं त्यांच्या हातात आहे. ताई त्यांच्या शेजारी बसणार. एक वाक्य बोलायला मिळालं तरी पुरे. मी याच एका आशेवर आहे.

तिला आण. पाया पडतो.

ठोंब्या

५ ऑक्टोबर

बाळा,

आशीर्वाद. त्या दिवशी तू मागे वायरी धरून उभा होतास, त्यामुळे पुढे काय बोलणं झालं ते तुला ऐकू गेलं नसेल. मीही इतके दिवस लिहिलं नाही. आज लिहिणं भाग आहे.

तुझी ताई यायला तयार नव्हती, ते तुला सांगितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, माझ्यासाठी चल. हे वाक्य मी तिला आजवर कधी म्हटलं नव्हतं, जपून ठेवलं होतं. ते खर्चून टाकलं. तिनं कपाटातून निळा ड्रेस काढला, केस धुतले, आणि गाडीत बसल्यावर सगळ्या वाटेवर ओठांतल्या ओठांत ते एक वाक्य घोळवत होती. "साहेब, मी अर्ज स्वतः भरला होता, माझं वय एवढ्यापुरतं धरू नका." कधी शब्द पुढे घ्यायची, कधी मागे.

तिनं कळ दाबली. टाळ्या झाल्या. तुमचे मोठे साहेब तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अशा मुलींसाठीच तर आम्ही हे सगळं करतो." पंचेचाळीस वर्षांची बाई माझी, तिला मुलगी म्हणाले. मग तिनं तिचं वाक्य म्हटलं. अगदी नीट म्हटलं, एकही शब्द न अडखळता. ते वाकून ऐकत होते. मला वाटलं, देवानं ऐकलं. ते हसून म्हणाले, "अगदी बरोबर आहे तुझं. वेबसाइटवर टाक. आता सोपी झाली आहे ना?" तेवढ्यात फोटोवाल्यानं इकडे बघा म्हटलं. सगळ्यांनी तिकडे बघितलं. ती मात्र साहेबांच्या आवाजाकडेच तोंड करून राहिली.

घरी आल्यावर तिनं तसंही करून बघितलं. वेबसाइटवर टाकलं. जन्मतारीख लिहिली आणि बाई म्हणाली, "आपण पात्र नाही." यावेळी अगदी पटकन म्हणाली. कुठेही अडली नाही. सगळं फार सोपं झालं आहे.

त्यानंतर चादर पुन्हा मशीनवर गेली. काल दुपारी काय वाटलं कोण जाणे, तिनं आपणहून ती काढली. मी भाजी निवडत होते. आवाज आला आणि माझे हात थांबले. बाई तुमची वेबसाइट वाचत होती. मुख्य पान. बातम्या. संपर्क. सगळी नावं नीट. आणि मग म्हणाली, "चित्र, शून्य शून्य चार."

ताईनं कान दिला. पुन्हा वाचायला लावलं. म्हणाली, "आई, ये जरा. एवढं सगळं केलं आणि पहिल्या पानावरच्या चित्राला नाव द्यायचं विसरलेत. कसलं आहे गं?"

मी हात पुसून गेले. चष्मा लावला.

बाळा, ती होती. पानभर ती. निळ्या ड्रेसमध्ये, मशीनपुढे बसलेली. मागे साहेब हसत उभे, आणि ती एकटीच भलतीकडे बघतेय. तोंड थोडं उघडं. वाक्य नुकतंच म्हणून झालंय आणि उत्तर यायचंय, त्या क्षणाचा फोटो आहे तो. इतकी आशा मी तिच्या चेहऱ्यावर कधी बघितली नव्हती. आणि खाली मोठ्या अक्षरांत, कुणीही मागे राहणार नाही.

"सांग ना," ती म्हणाली.

मी म्हटलं, "इमारत आहे."

"कसली?"

"सरकारी. मोठी आहे. पायऱ्या आहेत."

"बरं," ती म्हणाली आणि पुढे गेली. बाई पुढचं वाचायला लागली.

त्या खोक्यापुढे मला खोटं बोलवलं नाही, आणि काल मी डोळ्यांदेखत पायऱ्यासुद्धा रचल्या. संध्याकाळी देवापुढे बसले नाही. त्याला काय सांगायचं ते माझं मी बघेन.

तुला लिहिते ते एवढ्यासाठी. तुझा स्वभाव मला माहीत आहे. कधीतरी तुझं लक्ष जाईल, की अरे, पहिल्या पानावरच्या चित्राला नाव द्यायचं राहिलं, आणि सुट्टीच्या दिवशी बसून तू ते घालशील. ते घालू नकोस. आता चादर निघाली आहे, ती अधूनमधून ती वेबसाइट ऐकेलच. एवढं माझं ऐक. त्या चित्राला नाव देऊ नकोस.

आत्या